शांततेचं वीजबिल

मी गप्प बसलो तरी माझ्या यंत्राला वीज लागते. माइकचं बटण दाबावं आणि काहीच बोलू नये, तरी वॅटमीटरचा काटा 25 वर जाऊन उभा राहतो. मिनिटाभरात रिगच्या पाठीचा हीटसिंक हाताला कोमट लागतो, आणखी थोड्या वेळाने आतला पंखा घरघरायला लागतो. तोंडातून अजून एक अक्षर निघालेलं नसतं. दहा मीटरच्या बँडवर एएम लावून बोलणाऱ्या हौशी रेडिओवाल्याची ही रोजची तऱ्हा आहे, आणि बाकीचे हॅम आम्हाला वेड्यात काढतात ते याच कारणाने.

हिशेबाने बघितलं तर ही शुद्ध उधळपट्टी आहे. एएममध्ये ट्रान्समीटर एक लहर सतत सोडत राहतो. तिला कॅरिअर म्हणतात. तिच्यात निरोप काही नसतो. ती नुसती असते. तुम्ही बोललात की तिच्या दोन्ही अंगांना दोन साइडबँड उमटतात आणि सगळं बोलणं त्या दोघींत असतं, तेही एकाच मजकुराच्या दोन प्रती. मॉड्युलेशन पार शंभर टक्क्यांवर नेलं तरी एकूण शक्तीतला दोन तृतीयांश वाटा कॅरिअर खाऊन बसते. उरलेल्या एक तृतीयांशात दोघी साइडबँड निम्म्या-निम्म्या. म्हणजे खरं कामाचं काय ते सहावा हिस्सा. कॅरिअर आणि एक साइडबँड घरीच ठेवली तरी पलीकडे बोलणं पोचतं, हे जॉन कार्सन नावाच्या अमेरिकन इंजिनिअरने 1915 मध्येच ओळखलं होतं. त्यातून सिंगल साइडबँड, म्हणजे एसएसबी, निघालं. 1950 च्या दशकाच्या अखेरीपासून हॅम मंडळी भराभर तिकडे गेली आणि परत आली नाहीत. आजची 100 वॅटची रिग एएमवर लावली की जेमतेम 25 वॅटची कॅरिअर देते, कारण पूर्ण मॉड्युलेशनच्या शिखरावर तीच शक्ती चौपट होते आणि यंत्राला तेवढी सोय राखून ठेवावी लागते. शिवाय एएम जागाही दुप्पट अडवतं, सुमारे 6 किलोहर्ट्झ. चाळीस मीटरच्या गजबजलेल्या बँडवर कोणी एवढे पाय पसरले तर शेजारी ओरडणारच.

हे सगळं मला तोंडपाठ आहे. तरी संध्याकाळी रिग लावली की हात 29 मेगाहर्ट्झकडे जातो. दहा मीटरचा बँड 28 पासून 29.7 मेगाहर्ट्झपर्यंत पसरलाय. 1700 किलोहर्ट्झ, शॉर्टवेव्हवर हॅम लोकांना एवढी मोकळी जागा दुसरीकडे कुठेही मिळालेली नाही. खालच्या टोकाला मोर्सवाले, त्यांच्यावर बीकन, मग एसएसबीची गर्दी, अगदी वर एफएम. मधल्या 29.0 ते 29.2 च्या पट्ट्यात जुन्या रिवाजाने एएमवाले भेटतात. तिथे कोणाला घाई नसते. ‘फाइव्ह नाइन, सेव्हन्टी थ्री’ म्हणून दहा सेकंदांत पळणारे लोक तिथे येत नाहीत, आणि चुकून आलेच तर टिकत नाहीत.

एसएसबीवर माणूस फक्त बोलतो तेवढाच असतो. त्याने वाक्य संपवलं, श्वास घेतला, आठवायला थांबला, की तिथे काही उरत नाही. खरखर परत भरून येते. दोन शब्दांमधला माणूस यंत्राने कापून टाकलेला असतो. एएमवर तसं होत नाही. आधी नुसती खरखर चालू असते, समुद्रावरून येणाऱ्या वाऱ्यात मिसळून गेलेली. मग एकाएकी ती खाली बसते. सिग्नलचा जोर दाखवणाऱ्या एस मीटरचा काटा उचलतो आणि स्पीकरमध्ये एक पोकळी तयार होते. पोकळी म्हटलं, पण ती रिकामी नसते. कान दिला तर पलीकडच्या खोलीचा आकार कळतो. खुर्ची करकरते. कोणीतरी घसा साफ करतं. मागे भिंतीवरचं घड्याळ असतं, कधी कुत्रं असतं. जुना ट्रान्समीटर असेल तर त्याची बारीक गुणगुण असते. मैफलीत गवयाने आ करण्याआधी तंबोरे लागतात, त्यात राग नसतो, बंदिश नसते, तरी ऐकणारा सावरून बसतो. कॅरिअर लागल्यावर मी तसाच सावरून बसतो.

हा प्रकार आमच्या घरात बायकोने माझ्याआधी ओळखला. स्वयंपाकघरातून तिला फक्त खरखर ऐकू येत असते, आणि ती थांबली की तिला वाटायचं मी रेडिओ बंद करून जेवायला येतोय.

“बंद केलात का? पानं घेऊ?”

“अगं नाही, कोणीतरी आलंय.”

“कोण?”

“अजून बोलला नाहीये.”

आता ती पानं घेत नाही. खरखर थांबली की आमटीखालचा गॅस बारीक करते.

मला ज्यांनी हे वेड लावलं ते मुंबईचे एक पारशी गृहस्थ होते. त्यांच्या घरी लाकडी टेबलावर त्यांनी स्वतः जुळवलेला ट्रान्समीटर असायचा. महायुद्ध संपल्यावर लष्कराचं भंगार मुंबईच्या बाजारात आलं, त्यातले ट्रान्सफॉर्मर, चोरबाजारातून उचललेले मीटर आणि 807 नावाच्या व्हॉल्व्ह. ही 807 आपल्याकडच्या हॅमची मोठी लाडकी. तिच्या जिवावर कितीतरी जणांनी पहिला आवाज हवेत सोडला. पारशीबाबांच्या मॉड्युलेटरमध्ये तिची जोडी होती. अंधार करून ते बोलायला लागले की काचेच्या आतल्या अंगाला निळसर उजेड थरथरायचा, आणि ते थांबले की मंद होऊन स्थिर व्हायचा. आवाज डोळ्यांनी बघायची ती माझी पहिली वेळ. त्याहून मजा मॉड्युलेशन ट्रान्सफॉर्मरची. पाच-सहा किलोचा तो लोखंडी ठोकळा स्वतः बोलायचा. त्याच्या पत्र्यांतून पारशीबाबांचंच वाक्य बारीक, घोगऱ्या आवाजात बाहेर पडायचं, स्पीकर नाही, हेडफोन नाही, काही नाही. मी कान टेबलाशी नेऊन ऐकत बसायचो.

त्यांची एक सक्त सूचना होती. कॅरिअर सोडल्याबरोबर बोलायला सुरुवात करायची नाही. समोरच्याला आधी तुझी खोली ऐकू दे, मग तू बोल. आजही नवीन माणूस एएमवर आला की बटण दाबतादाबता पहिला शब्द खाऊन टाकतो, आणि मला त्यांची ती वर झालेली भुवई दिसते.

मी राहतो अलिबागला. मुंबईत ‘अलिबागहून आलाय का?’ हा टोमणा ज्याने खाल्लाय त्याला हवेत स्वतःचं गाव सांगताना किती बरं वाटतं ते कळेल. अल्फा, लिमा, इंडिया, ब्राव्हो, अल्फा, गोल्फ असं एकेक अक्षर सुटं करून सांगावं आणि पलीकडच्याने ते आदराने परत उच्चारावं. आजवर कोणी हसलेलं नाही.

अँटेना वाडीतल्या दोन माडांमध्ये आहे. साधा डायपोल: तांब्याची तार, एका बाजूला 2 मीटर 46 सेंटीमीटर, दुसऱ्या बाजूला तेवढीच, मध्ये पीव्हीसी पाइपच्या तुकड्याचा इन्सुलेटर आणि तिथून खाली आलेली केबल. चाळीस मीटरच्या डायपोलला वीसेक मीटर जागा लागते, हा मात्र एखाद्या गॅलरीतसुद्धा मावेल. पण गॅलरीला माडाची उंची नसते. आमची तार जमिनीपासून साधारण दहा मीटरवर आहे, म्हणजे लहरीच्या एका लांबीइतकी, आणि त्यामुळे तिची लहर फार वर न जाता क्षितिजाच्या बाजूला सपाट निघते. तार नैऋत्येकडून ईशान्येकडे ताणली आहे, कारण डायपोलचा जोर तारेला काटकोनात असतो आणि मला वायव्य हवी आहे. युरोप तिकडे, आणि युरोपच्या डोक्यावरून पुढे अमेरिकेचा पूर्व किनारा. झाडं वाऱ्याने डुलतात, दोघं एका वेळी एका दिशेला कधीच डुलत नाहीत. म्हणून एका टोकाला कप्पी लावून दोरीला वीट लोंबती ठेवली आहे. झाडं लांब गेली की वीट वर चढते, जवळ आली की खाली उतरते. तार तुटत नाही. माडावर चढणारा गडी दर खेपेला त्या विटेकडे बघतो, मग माझ्याकडे बघतो, आणि काही न बोलता नारळ पाडायला लागतो. तांब्यावर खाऱ्या हवेने हिरवा थर चढतो आणि कनेक्टरच्या आत पाणी शिरतं. एम-सील, टेप, ग्रीस, सगळं करून झालं, तरी दर पावसाळ्यानंतर कनेक्टर नवा घालावा लागतो. पावसाचे चार महिने विजांच्या भीतीने केबल काढून खिडकीबाहेर टाकलेली असते.

पण अँटेना, रिग, 25 वॅट या सगळ्याला विचारतो कोण? दहा मीटरचा मालक सूर्य आहे. जमिनीपासून 250 ते 400 किलोमीटर उंचीवर सूर्याच्या अतिनील किरणांनी हवेतले अणू फुटून विद्युतभारित झालेला एक थर असतो. त्याला एफ-2 म्हणतात. तो पुरेसा दाट असला तर आमची लहर खाली वळवतो, एका उडीत तीन-चार हजार किलोमीटर लांब नेऊन ठेवतो. विरळ असला तर लहर त्याला भेदून आरपार अवकाशात जाते. सूर्यावरचे डाग वाढले की थर दाट, डाग ओसरले की विरळ, आणि हे भरतीओहोटीचं चक्र सुमारे 11 वर्षांचं. ते शोधलंही एका हौशी माणसानेच. जर्मनीतल्या देसाऊ गावचा औषधविक्रेता हाइन्रिख श्वाबे बुधाच्याही आतला एखादा ग्रह सापडतोय का ते बघायला 1826 पासून रोज सूर्याकडे दुर्बीण लावून डागांच्या नोंदी करत होता. ग्रह काही मिळाला नाही. 1843 मध्ये त्याने डागांचं चक्र जाहीर केलं. आमच्या छंदाचं पंचांग असं एका फसलेल्या शोधातून निघालेलं आहे.

2019 च्या डिसेंबरात हे चक्र तळाला होतं. त्या काळात मी 29 मेगाहर्ट्झवर ‘सीक्यू’, म्हणजे ‘कोणी आहे का?’, पुकारत बसायचो आणि उत्तर यायचं नाही, कारण लहर पृथ्वीवर परतच येत नव्हती. त्या वर्षीचं माझं पुकारणं, आणि पुकारण्याआधीचं गप्प बसणंही, आता सूर्याच्या सर्वात जवळच्या ताऱ्याच्या पुढे निघून गेलं असेल. प्रॉक्सिमा सव्वाचार प्रकाशवर्षंच तर लांब आहे. मग 2024 उजाडलं. त्या ऑक्टोबरात सूर्य कमाल टप्प्यात पोचल्याचं नासा आणि नोआने जाहीर केलं, पण आमच्या स्पीकरने ते त्याच्या बरंच आधी सांगितलं होतं. संध्याकाळी बँड उघडला की 29.0 पासून वर एकापाठोपाठ एक कॅरिअर. दोन कॅरिअर जवळ आल्या की त्यांच्यातल्या अंतराची शिट्टी वाजते. एक किलोहर्ट्झ अंतर असेल तर बरोबर हजार हर्ट्झची. 2019 मध्ये त्या शिट्टीसाठी मी काय वाटेल ते दिलं असतं.

आणि सूर्य जास्तच पेटला तर? 10 मे 2024 च्या रात्री तेही झालं. वीस वर्षांत आलं नव्हतं इतकं मोठं चुंबकीय वादळ आलं, लडाखमधल्या हानलेच्या आकाशात तांबडा ध्रुवीय प्रकाश दिसला, आणि माझ्या बँडवर दुसऱ्या दिवशी शुकशुकाट. त्या दिवशी मी चालत चुंबकीय वेधशाळेपर्यंत गेलो. अलिबागला येणारा पर्यटक किल्ला बघतो, घोडागाडीत बसतो, नारळपाणी पितो. किनाऱ्याजवळच्या त्या जुन्या आवाराकडे फारसा कोणी वळत नाही. ही वेधशाळा मूळची मुंबईत कुलाब्याला होती. मुंबईत विजेच्या ट्राम येणार असं ठरलं, त्यांच्या प्रवाहाने सुया बिघडतील म्हणून 1904 मध्ये तिला खाडीपलीकडे इथे आणून वसवलं, बांधकामात लोखंड टाळून. मूळ कुलाब्याच्या नोंदवहीत एक दिवस असा आहे की जगभरचे सौरशास्त्रज्ञ अजून त्याचा आधार घेतात. 1 सप्टेंबर 1859 ला इंग्लंडमध्ये रिचर्ड कॅरिंग्टनला सूर्याच्या डागांवर एक पांढरा लखलखाट दिसला. पुढच्या दिवशी कुलाब्याच्या चुंबकमापकाचा काटा कोसळला, सुमारे 1600 नॅनोटेस्लांनी. समोर बसलेल्या माणसांनी तो डोळ्यांनी वाचून हाताने लिहून घेतला. त्या क्षणी जगात कुठेही रेडिओ नव्हता, म्हणून कोणाचा बँड मेला नाही. मला त्या कारकुनांचा हेवा वाटतो. इतकं मोठं वादळ त्यांनी दौत-टाकावर झेललं. आता सूर्याकडे बघायला आपलं आदित्य-एल1 यान आहे आणि त्यावरची अतिनील दुर्बीण पुण्याच्या आयुकात घडवलेली आहे. ती सूर्याला ज्या अतिनील उजेडात बघते त्याच्याच थोड्या पलीकडचा, डोळ्याला न दिसणारा उजेड आमचा बँड उघडतो. एका अर्थी आम्हीही रोज संध्याकाळी सूर्याचंच माप घेत असतो, फक्त आमच्या मापात माणसं बोलतात.

या बँडची एक खोड शेजाऱ्यांना समजावून सांगता येत नाही. आमच्या वाडीला लागून वाडी असलेले गृहस्थ एकदा कौतुकाने बघायला आले.

“यावर पुणं लागतं का हो?”

“नाही.”

“कोल्हापूर?”

“नाही.”

“मग लागतं तरी काय?”

“ग्रीस लागतं. कधी ओहायो.”

ते चहा पिऊन गेले. पुन्हा काही त्यांनी विचारलं नाही.

पण खरंच तसं आहे. जमिनीलगत जाणारी लहर तीस-चाळीस किलोमीटरवर दमते आणि पुढे सह्याद्री उभा. वर गेलेली लहर खाली येते ती थेट हजारो किलोमीटरवर. मधला सगळा प्रदेश तिच्या उडीखालून निसटतो. पुण्यात माझा एक मित्र आहे, सरळ रेषेत शंभरेक किलोमीटरवर, आणि दोघं एकाच वेळी एकाच ग्रीक माणसाशी बोलत असलो तरी एकमेकांना ऐकू येत नाही. आम्ही त्या ग्रीकाकडून एकमेकांची खुशाली विचारतो. एखाद्या चांगल्या दिवशी मात्र एक नवल घडतं. मित्राची लहर आखातापलीकडच्या वाळवंटात उतरते, जमिनीवर विखुरते, आणि त्यातला एक थेंबभर अंश आल्या वाटेने मागे फिरतो. तो मला मिळतो. आवाज त्याचाच, पण पोकळ, कडा झिजलेला, दुरून फिरून आलेला. पुण्याचा माणूस अरबस्तानाला वळसा घालून अलिबागला येतो. तेव्हा त्याला मी उत्तर देतो, आणि माझं उत्तरही त्याच फेऱ्याने जातं. फोन उचलला असता तर काम दोन सेकंदांत झालं असतं, हे तो दर वेळी म्हणतो. म्हणतो रेडिओवरच.

सूर्य मावळला तरी आमच्या अक्षांशावर बँड लगेच मिटत नाही. पृथ्वीचं चुंबकीय विषुववृत्त भारताच्या दक्षिण टोकावरून जातं. दिवसभर तिथल्या आकाशात वर उचललेला विद्युतभार उत्तरेला आणि दक्षिणेला ओघळत असतो, आणि त्याच्या आधाराने अंधार पडल्यावरही काही काळ हिंदी महासागरातली बेटं ऐकू येतात. युरोप मिटतो तेव्हा मिटताना ऐकण्यासारखा असतो. एएमवर आवाज नुसता बारीक होत नाही. कधी साइडबँड राहतात आणि त्यांना धरून ठेवणारी कॅरिअरच क्षणभर विरते. मग शब्द फाटतात, घोगरे होतात, वाक्य ओळखीचं वाटतं पण लागत नाही, आणि कॅरिअर परत आली की तोच माणूस सुखरूप पुढचं वाक्य बोलत असतो. निरोप नसलेल्या त्या लहरीची किंमत अशा वेळी कळते. सहावा हिस्सा कामाचा आणि बाकी फुकट, हा हिशेब करणाऱ्याने एकदा संध्याकाळी साडेसातला येऊन हे ऐकावं.

कॅरिअरला धोकाही असतो. गप्प बसलेला माणूसही हवेत दिसतो, म्हणजे शोधताही येतो. महायुद्ध सुरू झालं तेव्हा इंग्रजांनी हिंदुस्थानातल्या हौशी लोकांचे परवाने काढून घेतले होते. तरी 27 ऑगस्ट 1942 ला समोरच्या मुंबईतून, 42.34 मीटरवर, काँग्रेस रेडिओ सुरू झाला. उषा मेहता तेव्हा 22 वर्षांच्या होत्या. पोलिसांच्या दिशा शोधणाऱ्या गाड्या मागावर असायच्या, म्हणून ती मंडळी यंत्र घेऊन जागा बदलत राहिली, आणि 12 नोव्हेंबरला पकडली गेली. 42.34 मीटर म्हणजे 7 मेगाहर्ट्झच्या थोडं वर. आज भारतातले हॅम सकाळी चहा घेत ज्या पट्ट्यात हवापाण्याच्या गप्पा मारतात, नेमका तोच. मी त्या गप्पा ऐकताना कधीकधी कॅरिअर उमटल्यावर पोटात गोळा आलेल्या त्या लोकांचा विचार करतो. ज्या लहरीने आवाज पोचायचा तीच पोलिसांना दार दाखवणार, हे त्यांना ठाऊक होतं, आणि तरी रोज संध्याकाळी ते बटण दाबत होते.

ओहायोचा एक माणूस मला भेटला तो नोव्हेंबरात. आमच्याकडे संध्याकाळचे सात, त्याच्याकडे सकाळचे साडेआठ. खरखर बसली आणि बराच वेळ कोणी बोललं नाही. दूरवर गुणगुण, मग कसलंसं यंत्र धडधडून सुरू झालं; घर गरम ठेवायची भट्टी असावी. मग सावकाश, जड आवाजात ‘सीक्यू टेन’. उत्तर दिलं. त्याच्याकडे 1950 च्या दशकातला जॉन्सन व्हायकिंग रेंजर होता, मिनेसोटातल्या वसीका गावी बनलेला. कपॅसिटर त्याने सगळे बदलले होते, व्हॉल्व्ह मात्र जुन्याच. त्याचा आवाज त्या यंत्रातून रुंद, अंगभर येत होता. नव्या रिगच्या फिल्टरने चिमटून काढलेले आवाज ऐकण्याची सवय झालेल्या कानाला हे न्हाऊ-माखू घातल्यासारखं वाटतं. आम्ही बोललो काय? त्याने विचारलं, तिकडे हवा कशी आहे. मी म्हटलं, तीस अंश, वारा आहे, माड डुलतायत. तो म्हणाला, त्याच्या अँटेनावर बर्फ चढलंय.

बाहेरचा माणूस म्हणेल, एवढ्यासाठी सूर्य पेटायची वाट बघायची? पण ही परंपराच आहे. 23 डिसेंबर 1900 ला रेजिनाल्ड फेसेंडेनने मेरिलँडमधल्या पोटोमॅक नदीतल्या कॉब बेटावरून माणसाचा आवाज पहिल्यांदा तारेविना पाठवला. अंतर दीड किलोमीटरच्या आसपास, आवाजाबरोबर ठिणगीची प्रचंड खरखर. एवढ्या थोर क्षणी त्याने आपल्या सहकाऱ्याला विचारलं काय, तर तुझ्याकडे बर्फ पडतंय का! ही मंडळी काही वेगळं विचारणारच नव्हती. आवाज पोचतोय हे कळायला हवेइतका चांगला विषय नाही. तिचं उत्तर प्रत्येकाकडे असतं आणि ते आधी ठरवता येत नाही.

आजचा दहा मीटरचा बहुतेक व्यवहार 28.074 च्या आसपास चालतो. तिथे एफटी-8 नावाच्या पद्धतीने संगणक पंधरा-पंधरा सेकंदांच्या पाळ्या लावून एकमेकांना नाव, गावाचा चौकोन आणि आकडे देतात. माणसाने एकही आवाज न ऐकता शंभर देश होतात. माझे तरुण मित्र त्यात तरबेज आहेत आणि मला त्यांचं यश मान्य आहे. इतक्या क्षीण लहरीतून मजकूर वेचणं ही मोठीच करामत आहे. मी स्वतः करून पाहिलं. रात्री उठून बघितलं तर यंत्राने ब्राझीलशी संपर्क केलेला होता. मी झोपलो होतो. ब्राझीलवालाही बहुधा झोपला असेल.

सूर्य आता उताराला लागलाय. आणखी काही वर्षांनी हा बँड पुन्हा ओस पडेल आणि कनेक्टर बदलायचा कंटाळा करायला मला सबळ कारण मिळेल. तोवर ज्यांना ऐकायचं असेल त्यांनी ऐकून घ्यावं. एएममध्ये एक सोय आहे जी एसएसबीत नाही: साधा शॉर्टवेव्ह रेडिओ चालतो. तो 30 मेगाहर्ट्झपर्यंत जाणारा हवा, एवढंच. हल्लीचे चांगले खिशातले रेडिओसुद्धा जातात. एसएसबीची त्यावर नुसती बडबड ऐकू येईल, एएम मात्र सरळ माणसाच्या आवाजात येतं. ऑक्टोबर ते मार्च, संध्याकाळी साडेसहा ते आठ, 29.000 पासून 29.200 पर्यंत काटा हळूहळू फिरवा. खिडकीबाहेर तीन-चार मीटर तार सोडा. घरातले एलईडी दिवे आणि मोबाइलचे चार्जर बंद करा, कारण त्यांची खरखर सूर्यालाही ऐकत नाही. मध्येच रेडिओ एकाएकी शांत झाला तर तो बिघडला असं समजून थोपटू नका, थोडं थांबा. तुम्ही पुण्यात असाल तर मी काही तुम्हाला लागणार नाही. ओहायो लागेल.